दोन नोकऱ्यांमधला काळ आणि सुईदोरा

जून महिन्यात वसतिगृह भरू लागते, तेव्हा मुलांच्या सामानाची नोंद करण्याचे काम आमच्याकडे असते. पत्र्याची पेटी, ताट-वाटी, बादली आणि सुतळीने आवळलेली वळकटी. वळकटीत बहुतेक वेळा गोधडी निघते. वरचे कापड आजीच्या लुगड्याचे, आत वडिलांचे धोतर, विरलेले सदरे, कधी मोठ्या भावाच्या गणवेशाचे तुकडे. पहिल्या आठवड्यात लहान मुले ती नाकापर्यंत ओढून झोपतात. का, ते विचारण्याची गरज पडत नाही. दिवाळीपर्यंत तिचे कोपरे उसवतात आणि कार्यानुभवाच्या तासाला आम्ही तीच पुढ्यात घेतो. धावदोरा, हातशिलाई, ठिगळ लावणे हे सर्व धडे एका गोधडीवर पूर्ण होतात.

गेल्या काही वर्षांत या तासाला आणखी काही विद्यार्थी बसू लागले आहेत. त्यांची नावे हजेरीपटावर नाहीत. हे आपल्याच शाळेतून शिकून गेलेले, आज पंचविशी-तिशीत असलेले आणि सध्या हाताला काम नसलेले तरुण. पुंडलिकनगर, गारखेडा या भागात राहणाऱ्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींवर इथली शेकडो घरे चालतात, आणि त्यांतील बरीच नोकरी ठेकेदाराच्या मार्फत असते. काही महिने काम, मग ‘ब्रेक’, मग पुन्हा बोलावणे येईल किंवा येणार नाही. या मधल्या काळाला आपल्या भाषेत धड नावही नाही. शेजारी म्हणतात, ‘घरीच आहे सध्या.’ या ‘सध्या’त किती अपमान मावतो, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक.

असाच एक फिटर दोन वर्षांपूर्वी श्रावणात आला. एका कारखान्यातून त्याला कमी केले होते आणि घरी त्याने अजून सांगितले नव्हते. रोज सकाळी डबा घेऊन तो बाहेर पडत असे. “जय भीम, सर. सहज आलो,” असे म्हणून तो व्हरांड्यात बसला. समोर मुले गोधड्यांचे कोपरे शिवत होती. थोड्या वेळाने त्याने एकाच्या हातातून सुई घेतली. दोरा ओवताना त्याची बोटे अडखळली. मग तो स्वतःशीच हसून म्हणाला, “व्हर्नियरवर शून्य पूर्णांक दोन शतांश मिलिमीटर पकडतो मी, आणि हे भोक सापडेना.” तो दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. चौथ्या दिवशी त्याने घरी खरे सांगितले. सुईदोऱ्यामुळे सांगितले असा दावा आम्ही करणार नाही. एवढे मात्र दिसले की, आज दिवसभरात काय केले या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर होते, आणि त्या उत्तराच्या आधाराने पुढचे बोलणे त्याला जमले.

या लेखात आम्हांला त्याच उत्तराविषयी लिहायचे आहे. नोकरी नसलेल्या दिवसांत हाताने काही शिवावे, जोडावे, दुरुस्त करावे हे चांगले, असे सर्वच सांगतात. पण कोणी आणि कशासाठी शिवावे, त्यातून किती मिळते आणि किती मिळत नाही, हे सहसा सांगितले जात नाही.

पुरुषाने सुई धरण्याची आपल्याकडे लाज वाटते. बाजारात दुकान टाकून शिवणारा पुरुष चालतो; घरात उंबऱ्याशी बसून शिवणारा चालत नाही. आपल्या परंपरेत मात्र या लाजेला जागा नाही. विनयपिटक उघडले तर त्यात शिवणकामाचे इतके बारकावे सापडतात की एखादी शिवणशाळा चालावी. शिवताना भिक्खूंची बोटे सुईने दुखावू लागली म्हणून अंगुस्तान वापरण्यास अनुज्ञा मिळाली. सुया गंजू लागल्या म्हणून सुईची नळी आली, आणि त्या नळीत सुया गंजू नयेत म्हणून काय भरावे याचीही चर्चा झाली. पीठ, दगडाची पूड, शेवटी मेण. उघड्यावर शिवताना थंडी-उन्हाचा त्रास होऊ लागला म्हणून त्यासाठी शाळा, म्हणजे मंडप, बांधण्याची परवानगी मिळाली. आश्विन पौर्णिमेनंतर आपण ज्याला कठिन चीवरदान म्हणतो त्यातील ‘कठिन’ हा शब्दही मुळात कापड ताणून धरण्याच्या चौकटीचा आहे. कठिनाचे चीवर एका दिवसात बेतून, शिवून, रंगवून पूर्ण करायचे असते आणि त्या कामाला सर्व भिक्खूंनी हात लावायचा असतो.

चीवराचा बेतही असाच कामातून निघाला. राजगृहाहून दक्षिणगिरीकडे जाताना भगवंतांनी मगधाची शेते पाहिली: आखीव, बांधांनी विभागलेली, बांध एकमेकांना छेदणारे. असे चीवर करता येईल का, असे त्यांनी आनंदाला विचारले. आनंदाने तुकडे जोडून तसा नमुना केला आणि थोडक्यात सांगितलेले सविस्तर समजून घेणारा म्हणून त्याची प्रशंसा झाली. कापून जोडलेल्या कापडाचा आणखी एक गुण तिथे नोंदवला आहे, तो म्हणजे चोराला त्याचा लोभ होत नाही. तुकड्यांच्या कामाला बाजारभाव नसतो, ही गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वीही माहीत होती. तिच्याकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

कोसंबीच्या उदेन राजाची कथा पालकांनी मुलांना अवश्य सांगावी. राण्यांनी आनंदाला पाचशे उत्तरीये दिली, तेव्हा राजा चिडला: हा श्रमण आता कापडाचे दुकान घालणार आहे काय? त्याने आनंदालाच गाठून विचारले. आनंदाने सांगितले की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटली जातील. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांचे अभ्रे. त्यानंतर जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी, मग धूळ झटकण्याची फडकी. आणि तीही फाटली की ती कुटून चिखलात मिसळून जमीन सारवायची. राजाचे समाधान झाले. आमच्या मते राजाचे समाधान होण्यापूर्वीच वाचकांपैकी अनेकांना आपली आजी आठवली असेल.

या सर्वाला एक आधुनिक बाजू आहे आणि ती अधिक गंभीर आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात देऊ न शकलेल्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात म्हणजे श्रमांची विभागणी नव्हे, श्रमिकांची विभागणी होय. आणि माणसाला एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात जाऊ न देणारी ही व्यवस्था बेकारीचेही थेट कारण ठरते. उद्योगांचे स्वरूप बदलते, त्याबरोबर माणसाला बदलता आले पाहिजे. जन्माने ठरलेले काम बुडाले की माणूस बुडतो. या दृष्टीने पाहिले तर फिटरने हातात कात्री घेणे ही केवळ वेळ घालवण्याची बाब राहत नाही. ज्यांच्या आजोबांना कोणते काम करायचे हे गावाने ठरवून दिले होते, त्यांचा नातू आपल्या मनाने दुसरे काम शिकून पाहतो आहे. महामंगल सुत्तात बहुश्रुततेच्या जोडीला शिल्पही मंगल मानले आहे, हे आपण दर पौर्णिमेला म्हणतो. त्याचा अर्थ या ठिकाणी उलगडतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. नव्याने शिकणाऱ्याने झबले किंवा पोलके यांपासून आरंभ करू नये. अंगाला बसणाऱ्या कपड्यात चूक लगेच दिसते आणि धीर सुटतो. आम्ही पिशवीपासून सुरुवात करतो. २३ मार्च २०१८ रोजी राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना निघाल्यापासून कापडी पिशवी कोणत्याही घरात नको झालेली नाही. ८८ सेंटिमीटर लांब आणि ३८ सेंटिमीटर रुंद असे जाड सुती कापड घ्यावे. जुन्या चादरीचा मधला विरलेला भाग सोडून कडेचा चालतो. कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करावे, नाहीतर पहिल्या धुण्यात पिशवी आटते. ते आडवे दुमडून सुलट बाजू बाहेर ठेवावी आणि दोन्ही कडांना अर्धा सेंटिमीटर आत पहिली शिवण घालावी. मग पिशवी उलटी करून एक सेंटिमीटर आत दुसरी शिवण घालावी. सुटे धागे दोन शिवणींच्या मध्ये कायमचे बंद होतात, ओव्हरलॉकची गरज पडत नाही. वरची कड एक सेंटिमीटर आणि मग तीन सेंटिमीटर दुमडावी. बंदांसाठी ६० बाय १० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या घेऊन दोन्ही कडा मध्यावर आणाव्यात, पुन्हा दुमडून अडीच सेंटिमीटरचा बंद करावा, त्याची टोके वरच्या दुमडीत, कडेपासून आठ सेंटिमीटरवर, खोचावीत आणि चौकोन घालून त्यात फुली मारून शिवावीत. पिशवी फाटते ती बंदाशीच. तयार पिशवी ३५ बाय ४० सेंटिमीटरची होते आणि पाच किलो ज्वारी सहज पेलते.

यात मशीन लागतेच असे नाही. हाताने बखीचा टाका घातला तर वेळ लागेल, काम पक्के होईल. शेजारच्या घरी मशीन असेल तर तिथे बसून शिकावे. आमचा आग्रह असा की नोकरी नसताना पहिल्याच महिन्यात हप्त्यावर मोटारीची मशीन आणू नये. हात बसण्यापूर्वी आलेल्या मशीनवर दोन महिन्यांनी कपड्यांचा ढीग पडतो आणि हप्ता मात्र चालू राहतो. असे आम्ही एकापेक्षा अधिक घरांत पाहिले आहे.

पिशवीनंतर दुरुस्ती. पँटची उंची कमी करणे, चेन बदलणे, उसवलेले खिसे, साडीला फॉल लावणे. नव्या कपड्यापेक्षा दुरुस्तीत शिक्षण अधिक होते, कारण दुसऱ्याने केलेले काम उसवून पाहायला मिळते. गल्लीत गिऱ्हाईकही याचेच असते. नवे कपडे लोक तयार घेतात, पण चेन तुटली की माणूस शोधत फिरतात. आपल्या जिल्ह्याला पैठणी आणि हिमरू या दोन थोर विणींचे नाव आहे, आणि उत्साही तरुण त्यांच्याविषयी विचारतात. त्या मागावरच्या कला आहेत. सुती आणि रेशमी धाग्यांचा हिमरूचा मेळ किंवा पैठणीच्या पदरावरचा मोर हा सहा महिन्यांच्या मोकळीकीत येत नाही. ज्याला खरेच त्या वाटेने जायचे असेल त्याने विणकराच्या हाताखाली काही वर्षे देण्याची तयारी ठेवावी. मधल्या काळासाठी ती वाट नव्हे.

राहिली गोधडी. तिच्यावर आम्ही थोडे अधिक लिहिणार आहोत, कारण सर्वांत जास्त गोडवे तिचे गायले जातात आणि सर्वांत कमी हिशेब तिचाच होतो.

पाच फूट रुंद, सात फूट लांब गोधडी घेऊ. सारवलेल्या किंवा फरशीच्या स्वच्छ जमिनीवर खालचे कापड ताणून अंथरायचे, त्यावर जुन्या सुती कापडांचे थर सुरकुती न पडू देता लावायचे, वर तोंडाचे कापड, चारही कोपऱ्यांवर वजन. मग मोठे कच्चे टाके घालून सर्व थर एकमेकांना धरायचे आणि पक्का धावदोरा कडेपासून आत नेत जायचा, म्हणजे थर सरकत नाहीत. दोन ओळींत एक इंच अंतर ठेवले तर एकूण शिलाई ४२० फूट होते, म्हणजे सुमारे १२८ मीटर. ओळी आडव्या घाला किंवा चौकोनात चौकोन, लांबी जवळपास तेवढीच. इंचाला तीन टाके धरले तर १५,१२० टाके झाले. मिनिटाला दहा टाके हा सराव झालेल्या हाताचा वेग मानला तरी पंचवीस तास लागतात. त्याआधीचे कापड धुणे, निवडणे, तुकडे जोडणे आणि नंतर कडा बांधणे धरले तर चाळीस तास सहज होतात. समजा ही गोधडी कोणी ८०० रुपयांना मागितली. दोरा फुकट मिळाला असे मानले तरी तासाला २० रुपये पडले.

हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा तासाला बसलेल्यांत शांतता झाली. मग सातवीतील एक मुलगी म्हणाली, “मग माझ्या आजीला कोणी दिले?” या प्रश्नाला आमच्याकडे तयार उत्तर नव्हते, आजही नाही. घरातील स्त्रियांनी शिवलेले, सांधलेले, तुणलेले काम कधी मोजलेच गेले नाही. आणि म्हणून ते विकायला निघाले की त्याची किंमत कापडाच्या किमतीवरून ठरते, टाक्यांवरून ठरत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्या काळात कित्येक घरे बायकांच्या पोळीभाजीच्या डब्यांवर, शिवणावर आणि किरकोळ कामांवर तगली. इतिहासात संपाच्या पुढाऱ्यांची नावे आहेत. शिवणाचा हिशेब नाही.

किमतीचा हा प्रश्न एकट्याने सुटत नाही, याचे एक उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील विलकॉक्स परगण्यात गरीब कृष्णवर्णीय स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत होत्या. त्या काळात मतदार म्हणून नाव नोंदवले एवढ्या कारणावरून तिथल्या काही कुटुंबांना काम आणि राहती जागा गमवावी लागली. १९६६ साली या स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था उभी केली. गोधड्या न्यूयॉर्कमध्ये लिलावाने विकल्या गेल्या. पुढे १९७२ मध्ये संस्थेने सिअर्स या मोठ्या व्यापारी कंपनीकडून उशांच्या अभ्र्यांचे कंत्राट मिळवले. त्याच परिसरातील जीज बेंड या वस्तीच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या. संग्रहालयाचा मान आम्ही कमी लेखत नाही. पण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते ते उशांच्या अभ्र्यांचे कंत्राट, कारण त्यातून नियमित पगार सुरू झाला. वस्ती, दारिद्र्य, कापड तेच होते. भाव करायला एकेक बाई न जाता संस्था गेली, एवढाच बदल होता. आपल्याकडील बचत गटांनी २०२० च्या टाळेबंदीत एकत्र बसून मुखपट्ट्या शिवल्या तेव्हा हेच घडले होते.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे थोडे रोखठोक आहे. पोटासाठी शिवायचे असेल तर गोधडी एकट्याने विकायला काढू नका. दुरुस्ती, फॉल-पिको, पिशव्या, शाळेचे गणवेश ही नगद कामे धरा, आणि शक्य तर चौघे मिळून धरा. पायाशुद्ध शिकायचे असेल तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिवणतंत्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. लाभ कुटुंबातील एकालाच मिळतो, आणि अर्जदार त्या व्यवसायात आधीपासून स्वयंरोजगार करत असावा लागतो. काल सुई हातात घेतलेल्यासाठी ती नाही. योजनेत ‘पारंपरिक’ हा शब्द वारंवार येतो. तो वाचताना वर सांगितलेले १९३६ चे भाषण आम्हांला आठवते. पण कोणत्याही जातीच्या माणसाने शिंपीकाम करून अर्ज करावा, त्याला आडकाठी नाही, आणि आपल्या मुलांनी तो जरूर करावा.

आणि हातात नोकरी असलेल्यांसाठी एक. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात, चौथा संकटासाठी राखून ठेवण्याचा. ठेकेदारीच्या पगारात चौथा भाग निघत नाही, हे आम्ही जाणतो. निघेल तेवढा काढावा. ब्रेक लागल्यावर पहिले दोन महिने घरभाड्याची धास्ती नसेल तरच माणूस सुईत दोरा ओवायला शांतपणे बसू शकतो. नाहीतर मिळेल त्या हमालीला पळतो, आणि त्यात चूक त्याची नसते.

त्या फिटरने श्रावणापासून पौषापर्यंत आमच्याकडे अकरा गोधड्या दुरुस्त केल्या आणि वसतिगृहाच्या सर्व उशांना अभ्रे घातले. गल्लीतल्या चेन आणि पँटच्या कामातून त्याचा मोबाइलचा आणि दुधाचा खर्च निघत होता. घरभाडे निघत नव्हते. सकाळी तो अर्ज घेऊन वसाहतीत फिरत असे, दुपारी इथे. शेवटी त्याने स्वतःच्या मुलीसाठी एक गोधडी घातली, आईच्या दोन लुगड्यांची. त्याच्या ओळी इतक्या सरळ होत्या की मुले पट्टी लावून पाहत. ती दोन-तृतीयांश झाली असताना शेंद्र्याहून बोलावणे आले आणि तो पाळीवर रुजू झाला. मुलीला थंडीत ती हवी होती आणि रविवारखेरीज त्याला सवड नव्हती, म्हणून उरलेल्या ओळी सातवीच्या मुलांनी आपसांत वाटून घेतल्या. त्यांचे टाके मोठे आणि वाकडे पडले. उसवून पुन्हा घालू का, असे मुलांनी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, राहू द्या.